खोपोलीची सहल आणि घरांतला किमती कॅमेरा

उन्हाळ्याची वा दिवाळीची सुटी लागली, कीं मुंबई, ठाणें, पुणें येथील घरोघरीं खोपोलीच्या सहलीची वाटाघाट सुरू होते. खालापूर तालुक्यांत, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सांगडेवाडी येथें २०१३ सालीं 'इमॅजिका' नांवाचें भलें मोठें करमणूक-उद्यान उघडलें. २०१४ मध्यें त्याला जलक्रीडेचें व २०१६ मध्यें कृत्रिम बर्फाचें दालन जोडलें गेलें. पूर्वीं मुलांना नेण्याजोगें ठिकाण म्हणजे राणीची बाग, फार झालें तर माथेरान. आतां मुलेंच आपल्याला ओढून नेतात. कोण येणार, गाडी कोणाची, आजींना दिवसभराचें चालणें झेपेल कीं नाहीं, हे सारे प्रश्न यथावकाश सुटतात. एक प्रश्न मात्र निघण्याच्या घटकेपर्यंत लोंबकळत राहतो: घरांत जो दीड-दोन लाखांचा कॅमेरा आहे, तो बरोबर न्यावा कीं नाहीं?

प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कॅमेरा घेणारा बहुधा मधला भाऊ, नाहीं तर नुकताच मिळवता झालेला पुतण्या असतो. त्या खर्चाकडे घरानें कानाडोळा केलेला असतो, तो घरच्या कार्यांत उपयोगीं पडेल या आशेवर. सहलीला तो नेला नाहीं, तर "मग घेतला कशाला?" हा सवाल वडीलधाऱ्यांच्या जिभेवर तयारच असतो, आणि नेला व पाण्यांत पडला, तर तोच सवाल अधिक तिखट होऊन येतो. अशा वेळीं कॅमेऱ्याच्या धन्यानें काय करावें, याचा विचार कोणी नीट करून ठेवलेला दिसत नाहीं.

कर्जतच्या रेल्वेमार्गावर किमती कॅमेऱ्यानें पूर्वीं एकदां चांगलाच गोंधळ उडविला होता. तो इतिहास मुलांना प्रवासांत सांगण्याजोगा आहे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, आणि तेथें त्यांनीं पन्नास पौंडांच्या विल्यम्सन कॅमेऱ्याची मागणी नोंदविली. कॅमेरा घरीं आल्यावर फिल्मच्या कडेला छिद्रें पाडण्याचें किचकट काम सरस्वतीबाई फाळके करीत. पुढें 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या बाहेरच्या दृश्यांसाठीं मंडळी वांगणीला गेली. नेरळच्या अलीकडचें हें गांव आजही कर्जतच्या लोकलमधून जातांना लागतें. ढाली-तरवारी घेतलेली ती नटमंडळी पाहून गांवकऱ्यांना वाटलें, दरोडेखोरच आले! पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला. खुलासा करून कोणाची खात्री पटेना, तेव्हां फाळके यांनीं कॅमेरा उभा केला, आणि आंत फिल्म न घालतां एक प्रसंग चित्रित करण्याचा सबंध देखावा करून दाखविला. तेव्हां कोठें संशय फिटला.

गंमत बाजूला ठेवली तरी या गोष्टींत आपल्या उपयोगाचें कांहीं आहे. संसार गहाण टाकून आणलेला तो कॅमेरा वांगणीला नेण्यांत फाळके यांचा हेतु पक्का होता. कोणतें दृश्य टिपावयाचें याचा विचार निघण्यापूर्वीं झालेला होता. आपण कॅमेरा नेतों तो मात्र "असूं द्यावा बरोबर" म्हणून. आणि असा बेवारशी हेतूनें नेलेला कॅमेरा करमणुकीच्या उद्यानांत जितका अडचणीचा होतो, तितका दुसरीकडे क्वचितच होत असेल.

कसा, तें पाहूं. येथील 'नायट्रो' नांवाचा पाळणागाडीचा खेळ स्विस कारखान्याच्या बनावटीचा आहे. त्यांत पायांखालीं फळी नाहीं. पाय अधांतरीं लोंबतात आणि गाडी आपल्याला उलटेंपालटें करीत नेते. खिशांतलें नाणेंसुद्धां जेथें धोक्याचें, तेथें गळ्यांत सव्वा-दीड किलोचा कॅमेरा घेऊन कोण बसूं देईल? 'राजासॉरस' नांवाचा दुसरा एक खेळ आहे. ज्याचीं हाडें गुजरातेंत सांपडलीं व ज्याला २००३ सालीं 'नर्मदेचा राजा' अशा अर्थाचें शास्त्रीय नांव मिळालें, त्या आपल्याकडील डायनोसॉरचें नांव त्याला दिलें आहे, ही मुलांना सांगण्यासारखी माहिती. परंतु त्यांतली होडी उंचावरून पाण्यांत कोसळते, व बसलेला मनुष्य चिंब होतो. अंधाऱ्या दालनांत फ्लॅश उडविणें म्हणजे शेजारच्या पन्नास माणसांचा रसभंग. जलक्रीडेच्या भागाविषयीं तर बोलावयासच नको.

सामान ठेवण्यास पैसे देऊन लॉकर मिळतो, हें खरें. पण किमती वस्तु लॉकरमध्यें ठेवून ज्याचें चित्त स्वस्थ राहतें, अशी माणसें आपल्या घरांत थोडीं. मग ठरलेली तोड निघते. कोणी तरी बाकावर बसतें. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कोरडे कपडे, चपला, आणि त्या ढिगाच्या शिखरावर कॅमेरा. हें 'कोणी तरी' कोण, तें चिठ्ठ्या टाकून ठरत नाहीं. ती काकू असते. तिला पाळण्याची भीति वाटते, असें घरानें केव्हांच ठरवून टाकलेलें असतें. तिला विचारलें होतें का, हें कोणाला आठवत नाहीं. तिकीट तिचेंही सबंध घेतलेलें असतें. किमती वस्तूची राखण करण्यासाठीं तिचा दिवस खर्ची पडतो, आणि संध्याकाळीं "काकूंना कांहीं हौसच नाहीं" असा निकालही तिच्यावरच लागतो! कॅमेऱ्याची किंमत मोजतांना ही किंमत धरावयास हवी, असें आम्हांला आग्रहानें म्हणावेंसें वाटतें.

दुसरें हरवणारें माणूस म्हणजे खुद्द कॅमेऱ्याचा धनी. तो बरोबर असतो व नसतो. मुलगी पहिल्यांदाच मोठ्या पाळण्यांतून उतरून थरथरत, हंसत धावत येते, ती बाबांच्या अंगावर झेप घ्यावी म्हणून, बाबा सांगतात, "थांब, तेथेंच थांब, पुन्हा ये!" तें दुसऱ्यांदा येणें छायाचित्रांत उतरतें. या बाबतींत अमेरिकेंतील लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांनीं कांहीं लोकांना एका कलासंग्रहालयांतून फिरविलें, कांहीं वस्तूंचीं छायाचित्रें घेण्यास सांगितलें व कांहीं नुसत्या पाहण्यास. दुसऱ्या दिवशीं विचारपूस केली, तेव्हां छायाचित्रें घेतलेल्या वस्तूंपेक्षां नुसत्या पाहिलेल्या वस्तु लोकांना अधिक चांगल्या आठवत होत्या. यंत्र लक्षांत ठेवील, या भरंवशावर मन आपलें काम सोडून देतें, असा त्याचा अर्थ लावला जातो. मात्र ज्यांनीं एखाद्या वस्तूचा विशिष्ट भाग जवळ ओढून, न्याहाळून टिपला, त्यांच्या स्मरणांत अशी तूट आढळली नाहीं. तेव्हां दोष कॅमेऱ्याचा नसून दिसेल तें टिपीत सुटण्याचा आहे, असें म्हणण्यास जागा आहे.

मग कॅमेरा घरींच ठेवावा कां? आमचें मत तसें नाहीं. भर दुपारच्या लख्ख उन्हांत, रंगीबेरंगी कमानीसमोर सर्वांनीं रांगेनें उभें राहून घ्यावयाचें चित्र मोबाईलनें घ्यावें. तें पुरेसें चांगलें येतें, शिवाय कोणीही अनोळखी गृहस्थ "जरा आमचा काढतां का?" म्हटल्यावर तें काम करूं शकतो. दोन लाखांचा कॅमेरा अनोळखी हातांत देतांना आपलाच चेहरा असा होतो, कीं चित्र न काढलेलेंच बरें! मोठ्या कॅमेऱ्याचें सामर्थ्य निराळ्या ठिकाणीं आहे. त्याचें भिंग मोठें असल्यामुळें मंद उजेडांत तो अधिक पाहूं शकतो. धांवणारें मूल तो न विसकटतां पकडतो. आणि माणसाचा चेहरा मागच्या गर्दींतून अलगद वेगळा काढतो. सायंकाळीं ऊन कलतें, दिवे लागूं लागतात, मुलें दमून आजीच्या मांडीवर कलंडतात, तेव्हांचा अर्धा तास हा त्याचा खरा वेळ. त्यासाठीं जड, लांबलचक भिंगांची पेटीही नको. ५० मिलिमीटरचें, १.८ छिद्राचें एक साधें भिंग बहुतेक कंपन्या त्या मानानें स्वस्तांत देतात. तें हलकें असतें व चेहऱ्यांना फार छान मानवतें.

आणि चेहरे कोणाचे, हा खरा मुद्दा आहे. आपल्या घरांतून मुलांचीं छायाचित्रें आतां हजारोंनीं निघतात. पण घरांतलें वडील माणूस जातें, आणि तेराव्याच्या आंत भिंतीवर लावण्यासाठीं चित्र हवें असतें, तेव्हां सर्वांचे मोबाईल धुंडाळूनही एक धड चेहरा मिळत नाहीं. अखेर कोणाच्या तरी लग्नांतल्या घोळक्यांतून तो कापून काढावा लागतो, शेजारच्याचा खांदा पुसून टाकावा लागतो, किंवा आधार-पत्रावरचें तें दचकलेलें चित्र मोठें करावें लागतें. पन्नास वर्षें ज्या बाईनें घर चालविलें, तिच्या नातवंडांना पुढें तेवढाच चेहरा पाहावयास मिळतो. १९६०-७० च्या सुमारास पुष्कळ मराठी घरांत बडोद्यास तयार झालेला 'ॲग्फा क्लिक' कॅमेरा असे. त्याच्या एका रोलवर बाराच चित्रें निघत. बारांतलें पहिलें आजोबा-आजींचें, हें सांगावें लागत नसे. नऊवारींतील आजी व काळी टोपी घातलेले आजोबा खुर्च्यांवर बसत, आणि मग बाकीच्यांचा नंबर लागे. मर्यादेनें तो क्रम आपोआप ठरत होता. आतां मर्यादा नाहीं, म्हणून क्रम आपण ठरवावयास हवा.

यासाठीं घरांतल्या सुनांवर भिस्त ठेवावी, असें आम्ही सुचवितों. "भावजी, मुलांचे पुष्कळ झाले, आतां सासूबाई आणि मामंजींचा एक काढा," असें जाऊबाईंनीं म्हटलें, कीं भावजींना नाहीं म्हणतां येत नाहीं. वडील मंडळी "आमचा कसला काढतां?" म्हणून हात हलवतील; तें मनावर घेऊं नये, पण त्यांना ताटकळत उभेंही करूं नये. त्यांना सांवलींत बसवावें, चहा हातीं द्यावा, आणि बोलण्यांत रमलीं कीं दोन-चार चित्रें टिपावीं. पांच मिनिटांचें काम. त्यानंतर तोच कॅमेरा काकूंच्या हातीं देऊन धन्यानें स्वतः मुलांशेजारीं बसावें. सर्व योजना स्वयंचलित करून दिली, तर कळ दाबण्यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं. आणि बाकावर बसून दिवसभर माणसें न्याहाळणाऱ्या काकूंची नजर धन्यापेक्षां सरस निघण्याचा संभव आम्हांला बराच वाटतो. अर्थात् आधीं काकूंना एकदां पाळण्यांत बसविलेलें असावें.

यंत्राच्या निगेविषयीं थोडें. या तालुक्यांत घाटाच्या पायथ्याचा पाऊस प्रचंड पडतो; जून ते सप्टेंबर कॅमेरा न्यावयाचा तर तो प्लास्टिकच्या बंद पिशवींत असावा. दमट हवेंत भिंगावर बुरशी धरते व ती एकदां आंत शिरली, कीं सहसा पुरती निघत नाहीं. म्हणून घरीं परतल्यावर पापडाच्या डब्यासारख्या घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा. बर्फाच्या दालनांत तपमान शून्याखालीं असतें. तेथून एकदम बाहेरच्या उकाड्यांत कॅमेरा काढला, कीं थंड पाण्याच्या तांब्याला येतो तसा त्याला घाम फुटतो. तेव्हां आंत असतांनाच तो पिशवींत घालून तोंड बांधावें, आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास उघडूं नये. मुलांना हें प्रत्यक्ष दाखवावें. शाळेंतला सांद्रीभवनाचा धडा एरवीं त्यांच्या इतका ध्यानांत राहत नाहीं.

पुष्कळ कुटुंबें या सहलीला जोडून महडच्या वरदविनायकाचें दर्शन घेतात, कांहीं पुढें पालीच्या बल्लाळेश्वरालाही जातात. देवळांत कॅमेरा पिशवींतच असावा. पण महडच्या तळ्याकाठीं, सकाळच्या कोंवळ्या उन्हांत, वडील मंडळी नव्या वस्त्रांत प्रसन्न बसलेलीं असतात. उद्यानांतल्या कोणत्याही कमानीपेक्षां ती जागा चेहऱ्यांना अधिक शोभते. म्हणून दर्शन आधीं व उद्यान नंतर, असा क्रम ठेवावा. मोठ्या चित्रांचें काम तेथेंच उरकलें, तर पुढें कॅमेरा गाडीच्या डिकींत, उन्हापासून झांकून, दिवेलागणीपर्यंत निवांत पडूं शकतो, व काकूंच्या बाकावरचा ढीग तेवढा हलका होतो. रेल्वेनें जाणाऱ्यांना ही सोय नाहीं. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीला पोहोंचणाऱ्यांनीं कॅमेरा व तें एक लहान भिंग एवढेंच घ्यावें, आणि लॉकरचे पैसे वांचवूं नयेत.

घरीं आल्यावर चारशें चित्रें सर्वांना पाठवूं नयेत. त्यांतलीं दहा निवडावीं. आजोबा-आजींचें एक त्याच आठवड्यांत कोपऱ्यावरच्या छायाचित्रकाराकडून कागदावर छापून घ्यावें, मागें पेन्सिलीनें तारीख व 'महड' असें लिहावें, आणि तें त्यांच्या हातांत द्यावें. आजी प्रथम म्हणतील, "इश्श, केस किती पांढरे दिसताहेत!" मग चष्मा लावून पुन्हा पाहतील.