माफी कोणाच्या हाती?

भारतात खुन्याला फाशीची शिक्षा झाली, तर राष्ट्रपती ती माफ करू शकतात. मृताच्या घरची माणसे नाही. किसासचा नियम निराळा आहे. किसास म्हणजे जिवाबद्दल जीव. पण मृताचे वारस खुन्याला माफ करू शकतात, किंवा दियत, म्हणजे भरपाई, घेऊन सोडू शकतात. कुरआनात माफ करणे अधिक चांगले मानले आहे. पाकिस्तानात हा नियम १९९० साली कायद्यात आला. पुढे काय झाले पाहा. घराण्याच्या इज्जतीसाठी भाऊ बहिणीचा खून करी आणि वारस म्हणून बापच त्याला माफ करी! ही कसली माफी? दयेसाठी ठेवलेली वाट खुन्यांच्या कामी आली. अखेर २०१६ साली तेथे कायदा बदलला. आता वारसांनी माफ केले, तरी अशा खुन्याला जन्मठेपेची शिक्षा होते.