साठीनंतरची पहिली ई-बाईक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जत-खालापूर पट्ट्यात लोकल आहे, एसटी आहे. पण स्टेशनपासून घर आणि घरापासून दवाखाना, बँक, बाजार हे मधले तीन-चार किलोमीटर अजूनही रिक्षाच्या भरवशावर असतात. मुलं नोकरीधंद्यासाठी पनवेल-मुंबईला आणि घरी साठीच्या आसपासची दोन माणसं, अशी घरं इथे गावोगाव आहेत. त्या घरांत हल्ली ई-बाईकचा विषय निघतो. घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी, विशेषतः बायकांनी, आयुष्यात दुचाकी चालवलेली नसते. काहींची सायकल शाळेबरोबरच सुटलेली असते. या वयात दुचाकी शिकता येते आणि जरूर शिकावी. मात्र ऐकीव माहितीवर पैसे टाकले, तर गाडी अंगणात धूळ खात पडते किंवा हातपाय मोडतो. म्हणून नेहमी कानावर पडणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १: ई-बाईकला लायसन्स, पासिंग, विमा काहीच लागत नाही.

वस्तुस्थिती: ई-बाईक या एकाच नावाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, पायडल मारताना मोटर साथ देते ती ई-सायकल. दुसरी, स्कूटरसारखी दिसणारी पण ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी कमी वेगाची गाडी. तिसरी, त्याहून वेगाने धावणारी पूर्ण इलेक्ट्रिक स्कूटर किंवा मोटरसायकल.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच गाडीला नोंदणी, लायसन्स आणि विम्यातून सूट मिळते. ई-सायकलच्या बाबतीत पायडल थांबलं किंवा वेग २५ वर गेला, की मोटरने साथ सोडली पाहिजे. ही सूट विक्रेत्याच्या शब्दावर मिळत नाही. त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत मागा आणि प्रमाणपत्रावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी ताडून पाहा.

"लॉक काढून देतो, पंचेचाळीसने पळेल," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. लॉक काढलं की तीच गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, तीही बिनपासिंगची आणि बिनविम्याची. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली होती. अपघातात समोरच्याला इजा झाली, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

तिसऱ्या प्रकाराला पासिंग, हिरवी नंबरप्लेट, विमा आणि लायसन्स सगळं लागतं. आपल्या दोन्ही तालुक्यांचं हे काम पनवेलच्या आरटीओत चालतं.

गैरसमज २: साठीनंतर नवीन लायसन्स मिळतच नाही.

वस्तुस्थिती: कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए द्यावा लागतो, एवढंच. विनागियर दुचाकीसाठी आधी शिकाऊ लायसन्स निघतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. वयाच्या ५५ नंतर काढलेलं लायसन्स पाच वर्षांसाठी असतं, मग नूतनीकरण. चारचाकीचं लायसन्स दुचाकीला चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू पिकत आला असेल तर आधी शस्त्रक्रिया करा. चक्कर येणं, रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर येणं, बीपीच्या गोळीनंतरची गुंगी, यांतलं काही होत असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

गैरसमज ३: हळू चालणारी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी.

वस्तुस्थिती: नवशिकी माणसं बहुतेक वेळा वेगात पडत नाहीत. ती थांबताना, वळवताना आणि स्टँडवर लावताना पडतात. तिथे आकडा वेगाचा नाही, वजनाचा महत्त्वाचा. ई-सायकल साधारण २० ते २५ किलोची असते. पूर्ण इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोच्या आगेमागे भरते. शंभर किलो एका बाजूला कलले, की गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते सावरत नाहीत.

म्हणून दुकानात चालवून बघण्याआधी नुसतं बसून बघा. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे टाचेसकट जमिनीला टेकले पाहिजेत, चवडे टेकून भागणार नाही. मग गाडी बंद ठेवून, बसल्या बसल्या पायांनी चार पावलं मागे ढकला. उतरून मधल्या स्टँडवर लावून बघा. ब्रेकचा लिव्हर बोटांना सहज पोचतो का, दहा वेळा दाबल्यावर बोटं दुखतात का, तेही पाहा. यातलं एक जरी जमलं नाही, तरी ती गाडी तुमची नव्हे, मग ऑफर कितीही मोठी असो.

ई-सायकल घेताना मधला दांडा खाली झुकलेली फ्रेम घ्या. साडी नेसून किंवा सलवार घालून पाय उंच न उचलता चढता आलं पाहिजे. दुसरी बाब सेन्सरची. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय की नाही, एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तो मोटर अंमळ उशिरा सुरू करतो आणि अंमळ उशिरा बंद करतो. उभं असताना पायडलवर पाय ठेवून थोडं फिरवलं, की सायकल अचानक पुढे उडी घेते. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर महाग असतो, पण मोटर जोराच्या प्रमाणात साथ देते आणि नवशिक्याला विश्वास येतो. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी सोय तर हवीच.

हेल्मेटचंही तसंच. कमी वेगाच्या गाडीवर पोलीस अडवोत न अडवोत, रस्ता डोक्याला सूट देत नाही. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट गाडीबरोबरच घ्या.

गैरसमज ४: तोल जात असेल तर तीन चाकांची घ्यावी, म्हणजे पडायची भीती नाही.

वस्तुस्थिती: उभ्या जागी तीन चाकी पडत नाही, हे खरं. पण वळणावर दुचाकी आतल्या बाजूला झुकते, साधी तीन चाकी झुकत नाही. वेगात वळवली तर आतलं चाक उचलतं. रुंदीमुळे ती रस्त्याच्या कडेने नेणंही कठीण जातं. सपाट रस्त्यावर हळू, सामान घेऊन जायचं असेल तर ती उत्तम. मात्र तीही शिकावीच लागते.

गैरसमज ५: मोटर आहे म्हटल्यावर घाट काय, कुठेही चढेल.

वस्तुस्थिती: आपल्या भागात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. खोपोली ते कर्जत किंवा खालापूर ते महडच्या वरदविनायकापर्यंतचे रस्ते कमी ताकदीच्या गाडीला झेपतात. बोरघाट, नेरळ-माथेरानचा चढ हे प्रकरण वेगळं.

हिशेब करून पाहू. कमी वेगाची स्कूटर बॅटरीसह ८५ किलो आणि वर ७० किलोचा माणूस. पंधरा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर कागदावरच्या २५० वॅटमध्ये ती ताशी जेमतेम सात-आठ किलोमीटर जाईल. मागे माणूस बसवला तर त्याहून कमी. असा चढ लांबला की मोटर तापते आणि कंट्रोलर ताकद कमी करतो. ई-सायकल हलकी असते आणि तुमचे पायही साथ देतात, म्हणून याच चढावर ती उलट बरी चालते.

आता बॅटरी. खोपोलीहून जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला गेलं, तर उंची साधारण पाचशे मीटरने वाढते. याच उंचीचा उपयोग करून टाटांनी १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडलं आणि खोपोलीच्या वीजघरात मुंबईसाठी वीज तयार केली. पाणी खाली येताना जी ऊर्जा देतं, तीच वर जाताना बॅटरीला द्यावी लागते. माणूस, सायकल आणि पिशवी मिळून १०० किलो धरले, तर पाचशे मीटर चढायला नुसते १३६ वॅट-तास लागतात. मोटरमधली घट धरली की जवळजवळ २००. ई-सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात असतात एकूण ३६० वॅट-तास. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी एका घाटात संपली. ज्यांना वरचेवर घाट चढायचा आहे, त्यांनी नोंदणीची, ताकदवान स्कूटर घ्यावी. पण नवशिक्याने पहिल्या वर्षी घाटात जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज ६: जाहिरातीत शंभर किलोमीटर लिहिलंय, म्हणजे तेवढी चालणार.

वस्तुस्थिती: तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. चढ, खड्डे, वारा, टायरमधली कमी हवा, मागे बसलेलं माणूस, सगळं त्यातून वजा होतं. दुकानात "रेंज किती?" यापेक्षा "बॅटरी किती वॅट-तासांची?" हे विचारा. स्कूटरला किलोमीटरमागे साधारण २५ ते ३५ वॅट-तास धरा, ई-सायकलला १० ते १५. भागाकार केला की खरा आकडा हाती येतो. रोजचं जाणं-येणं दहा किलोमीटर असेल, तर मोठ्या बॅटरीचे पैसे आणि वजन कशाला वाहायचं?

गैरसमज ७: आपल्याकडच्या पावसात इलेक्ट्रिक गाडी म्हणजे शॉक नाहीतर आग.

वस्तुस्थिती: पावसात चालवल्याने शॉक बसत नाही. आयपी ६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, अशी तपासलेली असते. धोका असतो तो भिंतीतल्या २३० व्होल्टच्या बाजूला. चार्जर कोरड्या जागी ठेवा, अर्थिंग असलेलं तीन पिनचं सॉकेट वापरा आणि विजा कडकडत असताना प्लग काढून ठेवा. उल्हास किंवा पाताळगंगा फुगून मोरीवरून पाणी वाहत असेल, तर कोणतीच दुचाकी घालू नका. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका.

आगीच्या घटना घडल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभ्या स्कूटरने पेट घेतला होता. त्यानंतर बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं गेलं आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. नोंदणीची गाडी घेताना त्यानंतरचीच घ्या. चार्जर कंपनीचाच वापरा आणि जिन्याखाली, बाहेर पडायच्या वाटेवर गाडी चार्जिंगला लावू नका.

गैरसमज ८: बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी.

वस्तुस्थिती: लिथियम बॅटरीला ही सवय मारक आहे. वीस-पंचवीस टक्के उरले की चार्जिंगला लावा. पावसाळ्यात महिनाभर गाडी बंद राहणार असेल, तर निम्म्या चार्जवर ठेवा. स्वस्त गाड्यांत अजून लेड-अ‍ॅसिड बॅटरी मिळते. ती जड असते आणि लवकर दम तोडते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बॅटरी निघते का ते बघा आणि ती उचलून जिना चढून बघा. ई-सायकलची दोन-तीन किलोची असते, स्कूटरची दहा किलोच्या घरात.

गैरसमज ९: इलेक्ट्रिकला सगळीकडे मोकळी वाट आहे.

वस्तुस्थिती: खालापूरवरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, मग ती इलेक्ट्रिक असो वा पेट्रोलची. माथेरानला खाजगी गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथल्या ई-रिक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने चालतात, ती मुभा तुमच्या स्कूटरला नाही.

मग घ्यायचं काय? पूर्वी सायकल येत होती, अंतर चार-पाच किलोमीटर आहे आणि रस्ता सपाट आहे, त्यांनी खालच्या फ्रेमची ई-सायकल घ्यावी. दुचाकी कधीच चालवली नसेल, तरी सुरुवात तिच्यापासूनच करावी. तोल सांभाळता येऊ लागल्यावर स्कूटरचा विचार करता येतो. रोज लांब जायचं आहे, मुख्य रस्त्यावर ट्रकच्या बरोबरीने चालायचं आहे, त्यांनी लायसन्स काढून नोंदणीची हलकी स्कूटर घ्यावी. कमी वेगाची, स्कूटरसारखी दिसणारी गाडी मला नवशिक्यासाठी सर्वांत गैरसोयीची वाटते. तिला वजन स्कूटरचं असतं आणि चढावर ताकद सायकलची.

गाडी आणली की पहिले काही दिवस शाळेच्या मोकळ्या मैदानावर, रविवारी सकाळी सराव करा. आधी फक्त थांबायला शिका, मग चालवायला. आणि घरातल्या तरुणांना सांगणं एवढंच, की आई-वडिलांना गाडी भेट म्हणून परस्पर आणू नका. त्यांना दुकानात न्या, सीटवर बसवा आणि निवड त्यांची त्यांना करू द्या.