पोलादावर नेम धरताना

मी नववीत असताना आईने टाकून दिलेला एक लोखंडी तवा मळ्यातल्या लिंबाला टांगला होता. मामांनी दिलेली छऱ्याची बंदूक हातात होती. कागदावर छर्रा लागला तर भोक बघायला पळत जावं लागतं. तवा मात्र लागल्याबरोबर ‘टण्‌’ करून सांगतो. पाच-सहा पावलांवरून मी बार काढत होतो. चार-पाच नेम बसले. पुढच्या वेळी ‘टण्‌’ झालं आणि शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ गाल धरून खाली बसला. छर्रा परत आला होता. डोळ्याच्या खाली दोन बोटांवर लागला. जखम किरकोळ होती, दोन दिवसांत भरली. पण ती दोन बोटं मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी मुलांना नेमबाजी शिकवू लागलो. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं. अशा प्रत्येक यशानंतर पालक बंदूक घेऊन येतात आणि विचारतात, ‘सर, घरच्या मळ्यात सराव केला तर चालेल का?’ बहुतेकांनी तोवर एखादा पत्रा, डबा किंवा तवा टांगलेलाही असतो. म्हणून आज मला पोलादी लक्ष्याबद्दल बोलायचं आहे.

पोलादी लक्ष्य वाईट नाही. त्यावर जगात मोठे खेळ चालतात. मेक्सिकोत जन्मलेल्या एका खेळात कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृती २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरवर उभ्या करतात. उभं राहून, कसलाही टेकू न घेता त्या पाडायच्या. नुसती गोळी लागून भागत नाही, आकृती खाली पडली पाहिजे. हाच खेळ लहान आकृती करून छऱ्याच्या बंदुकीनेही खेळतात. तिथे सर्वांत जवळची कोंबडीसुद्धा २० यार्डांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरवर असते. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बायथलॉनमध्ये बर्फावर घसरत आलेला खेळाडू ५० मीटरवरच्या पाच धातूच्या चकत्यांवर नेम धरतो. आपल्या दहा मीटरच्या कागदी लक्ष्यामागेही बहुधा तिरका पोलादी पत्राच असतो. कागद फोडून आलेला छर्रा त्या पत्र्यावर आपटून खालच्या पेटीत पडतो.

म्हणजे पोलाद सगळीकडे आहे. फरक आहे तो ते कसं लावलं यात.

छर्रा शिशाचा असतो. वजन साधारण अर्धा ग्रॅम, पण स्पर्धेच्या बंदुकीतून तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. शिसं मऊ. भिंतीवर चिखलाचा गोळा मारला तर तो चपटा होतो, गोटी मारली तर ती परत येते. शिशाचं वागणं या दोहोंच्या मधलं. पोलादावर आपटून ते चपटं होतं, पण सगळा जोर संपत नाही. उरलेल्या जोराने ते उडतं. कुठे उडणार, हे प्लेटचा पृष्ठभाग ठरवतो. प्लेट सरळ समोर असेल तर छर्रा आल्या वाटेने मागे येऊ शकतो. पृष्ठभाग खोलगट असेल तर उडणारे छर्रे पुन्हा मधल्या बाजूला, म्हणजे बंदूक धरणाऱ्याकडेच वळतात. माझ्या तव्याची खोलगट बाजू आमच्याकडे होती. जवळ उभे, लक्ष्य खोलगट, डोळ्यांवर काही नाही. तिन्ही चुका एकदम केल्या होत्या.

आता लावायचं कसं ते सांगतो. छऱ्याच्या बंदुकीसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच-सहा मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट कापून घ्यावी. कडा घासून घ्याव्यात. ती भिंतीला ठोकू नये, साखळीने टांगावी. छर्रा लागला की प्लेट मागे जाते आणि थोडा जोर स्वतः घेते. साखळी प्लेटच्या मागच्या बाजूने अडकवली की वरची कड आपसूक पुढे झुकते. हा झुकाव साधारण २० अंशांचा असावा. मग छर्रा बहुतांशी जमिनीकडे वळतो. खाली खडी किंवा फरशी नको. वाळू किंवा भुसभुशीत माती टाकावी. समोरून दिसणारे बोल्ट, लोखंडी खांब यांच्यावर छर्रा लागला तर तो कुठेही जाईल. म्हणून ते नेमाच्या जागेपासून दूर ठेवावेत किंवा लाकडाने झाकावेत. प्लेटच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं राहू नये, कारण शिशाचे तुकडे कडेच्या रेषेतही उडतात.

मागे मातीचा उंच बांध हवा. सगळे नेम लागत नाहीत, आणि चुकलेला छर्रा शे-दोनशे मीटर सहज जातो. पलीकडे रस्ता, गोठा, शेजाऱ्याचं शेत असेल तर तिथे सराव नाही. अंतराचं म्हणाल तर मी ते १८ मीटरच धरतो. दहा मीटरचा सराव करायचा असेल तर पेटी आणि कागद वापरावा.

डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी झाकलेला चष्मा हवा. तो बंदूक धरणाऱ्याला हवा, तसाच बघायला आलेल्या प्रत्येकाला हवा. भाऊ बघायलाच आला होता.

छर्रा शिशाचाच असावा. बाजारात पोलादाच्या गोल गोळ्याही मिळतात. त्या धातूच्या लक्ष्यावर कधीही मारू नयेत. त्या चपट्या होत नाहीत, गोटीसारख्या परत येतात. प्लेट रोज हात फिरवून बघावी. वाकली किंवा तिला खड्डे पडले की ती बदलावी. खड्डा म्हणजे छोटा तवाच.

परवान्याच्या बंदुकीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे गोळी इतक्या वेगाने येते की तिचे बारीक तुकडे होतात, आणि साध्या लोखंडाला खड्डे पडतात. त्यासाठी ब्रिनेल मापात ५०० च्या आसपास कडकपणाचं खास पोलाद लागतं. पोलादी गाभ्याची गोळी तिथे चालत नाही. गोळ्या चुंबक लावून तपासतात. पिस्तूल स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धातूच्या लक्ष्यापासून निदान ७ मीटरचं अंतर सांगितलं आहे, रायफलला त्याहून कितीतरी जास्त लागतं. हे काम मान्यताप्राप्त रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं; मळ्यात नव्हे.

एक गोष्ट दिसत नाही म्हणून विसरली जाते. शिसं विषारी आहे, आणि मुलांना त्याचा अपाय जास्त होतो. सरावाच्या जागी खाऊ-पिऊ नये. प्लेटखालचं शिसं झाडूने उडवू नये. पाणी शिंपडून गोळा करावं आणि झाकणाच्या डब्यात ठेवावं. घरी गेल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी बंदूक देत नाही. त्याला प्लेटपाशी नेऊन उभं करतो आणि विचारतो, ‘छर्रा इथे लागला तर पुढे कुठे जाईल?’ मग तो खाली वाळूकडे बघतो, मागच्या बांधाकडे बघतो, कडेला कोण उभं आहे ते बघतो. याचं उत्तर नीट देता आलं की मगच त्याच्या हातात बंदूक येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)