डोंगराच्या अलीकडचे आकाश

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण बहुधा माणसांना टोमणा मारण्यासाठीच वापरतो. पण डोंगर दुरून साजरे का दिसतात, याचा विचार भोर-वेल्ह्याकडल्या माणसाने तरी करावयास हवा. कारण दिवसाचे आकाश निळे का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या दारासमोर रोज उभे असते.

कार्तिकातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जावे. खाली संजीवनी माचीचा कातळ काळा, त्यावरचे गवत पिवळट. पश्चिमेकडे सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरांवर तोरणा. त्याचा कातळही काळाच, पण तो करडा निळसर दिसतो. त्याहून पलीकडे, पंचवीसेक किलोमीटरांवर, रायगडाची रेघ दिसली तर ती आकाशात जवळजवळ विरून गेलेली असते. तिन्ही ठिकाणचा दगड त्याच सह्याद्रीच्या लाव्हाचा. मग हा निळा रंग आला कोठून? तो डोंगरावर नाहीच, आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेत आहे. तोरणा पाहतो असे आम्ही म्हणतो तेव्हा तोरण्याच्या अलीकडचे थोडेसे आकाशही आम्ही पाहत असतो.

आम्ही शाळेत होतो तेव्हा, समुद्राची निळाई वर उमटते म्हणून आकाश निळे, असे ऐकले होते, आणि पुष्कळ वर्षे ते खरेही मानले. वेल्ह्यात समुद्र नाही, आकाश मात्र कोकणातल्याइतकेच निळे, एवढी साधी शंका तेव्हा सुचली नाही! विद्वानांचे मत याच्या बरोबर उलट होते: समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचेच प्रतिबिंब. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली विलायतेहून परतताना 'नारकुंडा' बोटीच्या डेकवरून समुद्र न्याहाळीत होते. पाण्याच्या पृष्ठावरून परतणारा उजेड त्यांनी एका स्फटिकाने अडवला, तरी निळाई उरलीच. ती खुद्द पाण्याची आहे, असे टिपण त्यांनी मुंबई बंदरातूनच २६ सप्टेंबरला 'नेचर'कडे धाडले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, त्याचाही या रंगात मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो; परंतु रामन यांचा पुढला सारा शोध व १९३० चे नोबेल पारितोषिक यांचा धागा त्या डेकपर्यंत पोहोचतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. सूर्याचा उजेड पांढरा दिसला तरी त्यात शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'चे सारे रंग असतात. प्रकाश ही लाट आहे. तांबड्याची लाट लांब, निळ्याची आखूड, आणि आखूड लाट अधिक वेगाने हेलकावते. ही लाट हवेच्या रेणूवरून जाते तेव्हा त्यातले विद्युत्कण तिच्या तालावर डोलू लागतात, आणि डोलता डोलता तोच प्रकाश चहूकडे उधळतात. डोलणे जितके जलद, तितकी उधळण अधिक. आणि ती साधी दुप्पट-तिप्पट नव्हे. ताल दुप्पट झाला तर उधळण सोळापट! निळ्याची लाट सुमारे ४५० नॅनोमीटर व तांबड्याची ६५० धरली, तर निळा तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. म्हणून सूर्याकडे पाठ केली तरी आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आपल्या डोळ्यांत येतो तो बहुतांशी हा वाटेत उधळलेला उजेड.

जांभळ्याची लाट तर आणखी आखूड, मग आकाश जांभळे का नाही, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सूर्याच्या उजेडात जांभळा मुळात कमी, आणि आपला डोळा त्याच्या बाबतीत मंद. सगळ्या मिश्रणाचा डोळ्यावर जो ठसा उमटतो तो निळा.

हवेतल्या धुळीमुळे आकाश निळे, असेही पुष्कळजण सांगतात. ही समजूत अगदी पोरकट नव्हे. टिंडॉल यांनी १८६९ मध्ये नळीतल्या अतिसूक्ष्म कणांवर झोत टाकून आकाशासारखी निळाई प्रयोगशाळेत उत्पन्न केली होती. त्यामागचे गणित रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले, आणि १८९९ मध्ये त्यांनीच दाखवले की धूळ लागतच नाही, हवेचे रेणू पुरेसे आहेत. पण मावळातल्या शेतकऱ्याला याची साक्ष बारा महिने मिळते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात त्या उन्हाळ्याच्या दिवसांत हवेत धूर असतो, धूळ असते, आणि आकाश पांढुरके होते. राजगडावरून तोरणासुद्धा धड दिसत नाही. भाद्रपद-आश्विनात सरींनी हवा धुऊन निघाली की ढगांच्या फटीतून दिसणारे आकाश गर्द निळे असते. धुळीने निळाई येत असती तर हे उलटे व्हावयास हवे होते. जाड कण सगळे रंग सारखेच उधळतात, म्हणून धुरकट हवा पांढरी आणि ढगही पांढरे.

धूर अगदी बारीक असला तर मात्र तोही निळा दिसतो, आणि हा प्रयोग पदरची दमडी खर्च न करता करता येतो. सकाळी एखाद्या वाडीत चुलीचा विरळ धूर कौलांतून वर येत असेल तेव्हा नीट पाहावे. मागे झाडीचा काळोखा डोंगर आहे तोवर तो निळसर दिसतो. कारण बाजूने पडलेल्या उन्हातला निळा भाग तो आपल्याकडे उधळीत असतो. तोच धूर डोंगराच्या माथ्यावर चढून उजळ आकाशापुढे आला की पिवळट-तपकिरी होतो. आता आपण पाहतो तो मागून धुरातून आरपार आलेला उजेड. त्यातला निळा वाटेतच गळालेला असतो. संध्याकाळी राजगडावरून मावळतीकडे पाहताना असेच होते. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्यापेक्षा तीसपटीहून अधिक हवा तुडवीत आपल्याकडे येतो, आणि त्याची निळाई वाटेतल्या दुसऱ्या कोणाच्या आकाशात वाटली गेलेली असते.