कर्झन रोडचा शोध

दिल्लीच्या कनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा रस्ता म्हणजे कस्तुरबा गांधी मार्ग. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. या वाटेने उभी हयात कचेरीत गेलेला एखादा वृद्ध गृहस्थ नव्या पाटीखालीच उभा राहून ‘कर्झन रोड कुठे आहे?’ असे विचारू लागला, तर ऐकणाऱ्यास हसू येईल. परंतु अल्झायमर या व्याधीची सारी रीत त्या प्रश्नात सामावलेली असू शकते : नवे आधी जाते, जुने मागाहून.

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ही व्याधी प्रथम वर्णिली. मेंदूतील पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरू लागतात. लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे हे चालू असते. नव्या आठवणी घडविणाऱ्या भागावर आरंभीच घाला पडतो. म्हणून सकाळचे जेवण विसरते, पण शाळेतले पाढे आठवतात. पुढे पैशांचा हिशेब चुकतो, ओळखीच्या वाटा अनोळखी होतात, संध्याकाळी जीव कावराबावरा होतो, घरच्यांवर संशय येतो. अखेरीस बोलणे, चालणे आणि घास गिळणेही अवघड होते.

कर्तृत्वाने ही व्याधी टळत नाही. १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते आणि माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांची अखेरची वर्षे याच व्याधीत गेली. २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

अर्थात प्रत्येक विसराळूपणा म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. म्हणून वेळीच तपासणी करावी. अल्झायमर मात्र समूळ बरा होत नाही. औषधांनी काही काळ उतार पडतो, इतकेच.

तेव्हा उरते ती सोबतीच्या माणसांची वागणूक. रुग्ण हट्ट करीत नसतो. त्याच्यापुरता तो रस्ता अजून कर्झन रोडच असतो. ‘नाव केव्हाच बदलले, एवढेही कळत नाही का?’ असे खडसावल्यास तो खडसावणे विसरेल, पण त्यातून आलेली व्याकुळता त्याच्या मनात रेंगाळेल. त्याऐवजी त्याचा हात धरून ‘चला, तिकडेच जाऊ’ असे कोणी म्हटले, तर ते शब्दही तो विसरेल. आधार मात्र काही वेळ त्याच्यापाशी राहील.