पलंग घरी करायचाय? आधी हत्यारे पाहा

म्हणाल, पलंग आणि सुतारकाम हा काय बायकांच्या मासिकातला विषय झाला? मलाही दोन वर्षांपूर्वी असेच वाटले असते. पण आमच्या सासूबाईंचे गुडघे गेले आणि जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना त्यांना रोज कोणाचा तरी हात लागू लागला, तेव्हा या विषयात शिरावेच लागले.

आधी दुकानातून तयार पलंग आणला होता. दिसायला झकास! चकचकीत, खाली सामान ठेवायला पेटी. दोन पावसाळे काढले आणि भुशाच्या फळीचे ते लाकूड कडेने फुगले, स्क्रू सुटले. एका पहाटे उशाकडची बाजू खाली बसली. नशीब, सासूबाई नुकत्याच उठून बसल्या होत्या. तेव्हापासून त्या पुन्हा खालीच झोपू लागल्या, आणि "मला पलंगच नको" हे त्यांचे पालुपद सुरू झाले.

आम्ही राहतो राहनाळला. भिवंडीकडून ठाण्याकडे जाताना अंजूरफाट्याच्या आसपास ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना ठाऊक असेल, इथे आता शेतापेक्षा गोदामे जास्त. आमचे जुने कौलारू घर पाडले तेव्हा त्याची सागवानी दाराची चौकट सासूबाईंनी विकू दिली नव्हती. त्या चौकटीतून त्या नवरी म्हणून आत आल्या. ती मागच्या पडवीत उभी होती. पलंग मोडला त्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "त्या चौकटीचे खूर करा. ते लाकूड मोडायचं नाही."

आता आली का पंचाईत! बाजारातले लाकूड चुकून कापले गेले तर दुसरे आणता येते. ही चौकट दुसरी कुठून आणणार?

आमचे 'हे' उत्साही. त्याच संध्याकाळी जाऊन बेचाळीस नगांची प्लॅस्टिकची पेटी आणि एक विजेवर फिरणारी गोल करवत घेऊन आले. मी खर्चावरून बोलले, ते रुसले, दोन दिवस घरात अबोला. रविवारी त्या करवतीने त्यांनी आधी एक साधी फळी कापून पाहिली, तर पाते अडकून यंत्र उलट उसळले आणि फळीची कड फाटली. माझ्या छातीत धस्स झाले. फळीचे जे झाले ते बोटाचेही झाले असते.

शेवटी पलीकडच्या चाळीतल्या सुतारकाकांना बोलावले. काकांनी उभी हयात मागांच्या कारखान्यांत घालवली. यंत्रमागाला धोटा फेकणारी लाकडी काठी असते, तसेच इतरही लाकडी भाग असतात. ते घडवायचे आणि दुरुस्त करायचे हे त्यांचे काम. आता डोळ्यांना कमी दिसते, म्हणून हात थांबले आहेत. त्यांनी पेटी उघडली, एकेक वस्तू नखाने टोकरून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, यातली टेप ठेवा. बाकीची परत होत असतील तर बघा."

मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. त्यातलेच इथे देते.

हत्यारे घेण्याआधी पलंगाचे माप घ्यायचे, कारण कोणते हत्यार लागणार हे मापावरून ठरते. आमचा पलंग एकट्याचा, 75 इंच लांब आणि 36 इंच रुंद. उंचीसाठी काकांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे माप घ्यायला लावले. ते निघाले 17 इंच. गुडघे दुखणाऱ्याला त्याहून इंच-दोन इंच उंच बसणे बरे, म्हणजे उठताना जोर कमी लागतो. तेव्हा गादीसकट 19 इंच धरले. कापसाची गादी 4 इंची, म्हणून पट्ट्या 15 इंचांवर. (गादी दबते, हेही लक्षात असू द्या.) उशाकडचे खूर 33 इंच, पायथ्याकडचे 18. खूर तीन इंची चौरस, दांड्या पाच इंच रुंद आणि दीड इंच जाड. सगळ्याचा हिशेब केला तर लाकूड सव्वादोन घनफुटांच्या आसपास भरते. कापण्या-तासण्यात जाणारे धरून अडीच-पावणेतीन लागते. वखारीत जाण्यापूर्वी हा आकडा हातात असला की कोणी फसवत नाही.

आता हत्यारे. सगळ्यांत आधी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचे ते लोखंडी-लाकडी साधन. दुकानातच तपासून घ्यावा. सरळ कडेच्या फळीला टेकवून पेन्सिलीने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर ठेवून द्या. मी तीन गुणे असे पाहिले, तिसरा घेतला. दुकानदार वैतागला, पण तो वैतागला म्हणून वाकडा पलंग कोण घरात ठेवील?

टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो, तो ढिला झालेला नसतो बरं का. आतून माप घेताना तो आत सरकतो, बाहेरून घेताना बाहेर ओढला जातो, तेवढ्याने त्याच्या पत्र्याची जाडी भरून निघते. मी तो हातोडीने ठोकून घट्ट करणार होते!

करवत एकच घ्यायची तर कोणती? लाकडाच्या रेषांच्या उभ्या दिशेने चिरायची करवत वेगळी, आडवी कापायची वेगळी. चिरायच्या करवतीचे दात पटाशीसारखे सपाट, आडव्या कापायच्या करवतीचे चाकूसारखे टोकदार. लांबलचक चिरकाम वखारीतच यंत्रावर करून घ्यावे, ते स्वस्तही पडते आणि सरळही येते. मग घरी आडव्या कापायची बारीक दातांची करवत पुरते. हल्ली काळपट-निळ्या दातांच्या करवती मिळतात. त्यांचे दात तापवून कडक केलेले असतात, पुष्कळ दिवस टिकतात, पण बोथट झाल्या की कानशीने धार लावता येत नाही. साध्या दातांची घेतली तर तीनधारी कानस बरोबर घ्या.

सगळा खरा खेळ पटाशीचा. उशाकडची आणि पायथ्याकडची चौकट जोडताना दांडीच्या टोकाला कुसू करतात आणि ते खुरात पाडलेल्या भोकात बसवतात. कुसू दांडीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असावे, असा ठोकताळा आहे. आमची दांडी दीड इंची, म्हणून कुसू अर्ध्या इंचाचे, आणि म्हणून पटाशी अर्ध्या इंचाची. डझनाचा संच घ्यायची गरज नाही. अर्धा इंची आणि एक इंची, दोनच घ्याव्यात, पण पोलाद चांगले असावे. नाशिकच्या टपारियासारख्या जाणत्या कारखान्यांची हातहत्यारे गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात, पेट्यांतल्या बिननावाच्या मालापेक्षा ती परवडतात. पटाशी ठोकायला लोखंडी हातोडी नको, मूठ फुटते. लाकडी मोगरी हवी. आणि नवी पटाशी धारदार असते हा समज सोडा. विळी नवी आणली तरी आपण तिला धार लावून घेतोच ना? दगडावर पाणी टाकून, पाते साधारण 25 ते 30 अंशांच्या उतारात धरून घासायचे. कागदाची कड हातात धरून पटाशी फिरवली आणि कागद सरकन कापला, म्हणजे झाले. बोथट पटाशीला जोर लागतो, जोर लावला की निसटते, आणि निसटली की हातात घुसते. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. काकांनी हे मला पाच वेळा बजावले.

रंध्याला लोक उगीच भितात. लोखंडी रंधा घ्यावा, तळ उजेडाकडे धरून त्यावर गुण्याची कड टेकवून पाहावा. मधे उजेड दिसला तर तळ सपाट नाही. पाते नावापुरते बाहेर ठेवावे. पहिला रंधा मी मारला तेव्हा नुसता भुगा निघाला, काका म्हणाले, "उलट्या अंगाने मारताय, लाकडाची नस बघा." फिरवून मारला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालपटे सुटू लागली. त्या काळपट चौकटीतून पिवळाजर्द साग वर आला आणि सासूबाई ओट्यावरून उठून, धरत धरत पाहायला आल्या.

रंध्याचा शत्रू म्हणजे खिळा. जुन्या लाकडात तो कुठे मोडून राहिला आहे हे दिसत नाही. लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवावा. आमच्या चौकटीत तीन खिळे असे सापडले. ते जंबुऱ्याने उपटले, एक उपटता येईना म्हणून तेवढा भाग टाकला.

विजेचे म्हणाल तर एक ड्रिल यंत्र जरूर घ्या, उलटे-सुलटे फिरणारे. आधी बारीक भोक पाडून, स्क्रूला साबण लावून मग पिळला की लाकूड चिरत नाही. यंत्राजवळ पदर खोचलेला, बांगड्या मागे सारलेल्या, केस बांधलेले. गोल करवत एका पलंगासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची परत गेली, थोडे पैसे कापून का होईना.

लांब दांड्या मात्र कुसू-डिंकाने कायमच्या जोडायच्या नाहीत, नटबोल्टने जोडायच्या. चाळीचे जिने आणि दारे डोळ्यांसमोर आणा. बिऱ्हाड हलवायचे तर पलंग सुटा व्हायला हवा. शिवाय वर्षाकाठी सांधे उघडून उन्हात ठेवता येतात, ढेकणांना थारा राहत नाही.

डिंक वाळेपर्यंत सांधा आवळून धरायला शिकंजे लागतात, आणि ते महाग. आम्ही सुंभाची दोरी चौकटीभोवती दुहेरी गुंडाळली, मधे लाटणे घालून पीळ दिला. कोपऱ्यांना चिंध्या, म्हणजे लाकडाला वळ उठत नाहीत. पलंग उभा राहिला की दोन्ही कर्ण मोजायचे. आमच्या मापाला दोन्ही 83 इंचांच्या जवळ यायला हवे होते. एक पाऊण इंचाने जास्त भरला! बोल्ट सैल करून दाबून घेतला, तेव्हा जुळले.

पट्ट्यांसाठी गोदामांतले मोडके पॅलेट मिळाले. इथे एक सावधगिरी. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि अक्षरे डागलेली असतात, 2002 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे. 'एच.टी.' असेल तर लाकूड नुसते तापवलेले, 'एम.बी.' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते झोपायच्या जागी नकोच. डाग पडलेले किंवा औषधासारखा वास येणारेही घेऊ नये, गोदामात कशाकशाचे पिंप त्यावर ठेवले असतील कोण जाणे. बारा पट्ट्या, तीन इंच रुंद, मधे तीन तीन इंचांची फट.

सहा भोकांपैकी चार मी पाडली. त्यातले एक ढिले झाले, त्यात सागाची पातळ चीप घालून भागवले. ते कोणते हे काकांनी बोट फिरवून लगेच ओळखले. पॉलिश पेपर, वर जवसाचे तेल, आणि पंधरा दिवसांनी सासूबाई त्यावर बसल्या. एकदा उठून पाहिले, पुन्हा बसल्या. कोणाला हात मागितला नाही.

हत्यारे मात्र तशीच टाकू नका. आपल्या दमट हवेत आठवड्यात गंज चढतो. पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून, जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळावीत, आणि रंधा ठेवताना पात्यावर उभा न ठेवता कुशीवर आडवा ठेवावा.