सामन्यांविना महिने

फुटबॉलचा हंगाम सरला, की आम्ही गडहिंग्लजकर दिवाळीच्या स्पर्धेकडे डोळे लावून बसतो. परंतु उद्याचा संघ घडतो तो मधल्या रिकाम्या महिन्यांतच. मैदानात चिखल असताना कोणता मुलगा रोज येतो, दुबळ्या पायाने चेंडू थोपवावयास कोण शिकतो, हे तेव्हाच दिसते. गोल मोजून ते कळत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तत्पूर्वी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने सरावाची वर्षे काढली होती. आपली कितीतरी मुले मात्र शाळा सुटताच शेतीकडे वा नोकरीकडे वळतात. तेव्हा टाळ्या सामन्यासाठी राखून न ठेवता येत्या पावसाळ्यात आपण सरावालाही जाऊन उभे राहू. त्याने एखादा मुलगा टिकला, तरी पुष्कळ झाले.